गढीच्या उंबऱ्यावरची हळद

आमचं देऊळ किल्ल्यात आहे म्हटलं की लोकांना थट्टा वाटते. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरपासून पाऊण तासावर आहे ते. मोटारींच्या धंद्यात गब्बर झालेल्या कुणा माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधली एक गढी दगड न् दगड सोडवून बोटीनं इथे आणली आणि पुन्हा उभी केली. आता तिच्या दिवाणखान्यात, कधीच न पेटणाऱ्या फायरप्लेससमोर, गणपती आणि बालाजी शेजारी शेजारी उभे आहेत. भिंतीत खिळा मारायचा नाही, दगडाला रंग किंवा तेल लावायचं नाही. नारळसुद्धा पार्किंगच्या कडेला फोडायचा. दरवर्षी शहराच्या जुन्या इमारतींच्या समितीतल्या एक बाई तपासणीला येतात. नियम मोडलेला दिसला की परवाना थांबला. मग देव परत कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये.

त्या वर्षी तपासणी शनिवारी होती. आई तेव्हा भारतातून माझ्याकडे राहायला आली होती; गुरुवारी सकाळी मी तिला घेऊन झाडलोट करायला गेले. आई वर्ध्याजवळच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. रसायनशास्त्रात पदवी घेतलीय, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

मी आत व्हॅक्यूम करत होते. बाहेर येऊन बघते तर आईनं दगडी उंबऱ्यावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढलेली.

"आई, तुला सांगितलं होतं ना, दगडाला काही लावायचं नाही?"

"भिंतीला लावू नको म्हणालीस. देवाच्या दाराचा उंबरा कोरडा ठेवू काय?"

मी भांड्यांचा साबण आणून घासायला घेतलं. पिवळी बोटं लालभडक झाली. साबणानं हळद लाल होते, हे मी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये लिहून मार्क मिळवले होते.

एवढ्यात देवळाचे अध्यक्ष काका आले. पुण्याचे आहेत. वाकून बघितलं आणि म्हणाले, "वा. आता इथे कोंबडं कापलंय असंच वाटेल तपासणीच्या बाईंना. कुणी केलं हे?"

कुणा मुलानं केलं असेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"आईनं हळद लावली," मी म्हणाले. "लाल मी केली."

आई म्हणाली, "लिंबू पिळ, पिवळी होईल."

"लिंबू नको, हा चुन्याचा दगड आहे. आंबट पडलं की खातं त्याला."

"मग साध्या पाण्यानं साबण काढ आणि ऊन लागू दे. शाळेत पंक्तीच्या पट्ट्यांवर वरण सांडायचं तर आम्ही काय घासत बसायचो? उन्हात टाकायचो."

तिचं बरोबर होतं. हळदीचा रंग उजेडात उडतो, हेही मी शिकले होते. पण दार उत्तरेला, वर कमान. तिथे ऊन कधी येतच नाही.

आईनं प्रसादाची स्टीलची परात आणली. समोरच्या हिरवळीवर ऊन होतं, तिथे खुर्ची टाकून बसली आणि परात अशी धरली की उजेडाचा गोळा नेमका उंबऱ्यावर पडावा. ऊन सरकलं की खुर्ची सरकायची. शुक्रवारीही तसंच. दुपारी काका चहा घेऊन आले. म्हणाले, "द्या मावशी, मी धरतो थोडा वेळ."

"हलवू नका म्हणजे झालं," आई म्हणाली.

शनिवारी बाई आल्या तेव्हा बोटं पुसट झाली होती, पण होती. त्यांनी विचारायच्या आधीच मी उंबरा दाखवून डाग कशाचा ते सांगितलं. कुणी केलं, असं त्यांनी विचारल्यावर आईनं शाळेतल्यासारखा हात वर केला. बाई गुडघ्यावर बसल्या, दगडावरून अंगठा फिरवला, फोटो काढला. म्हणाल्या, महिन्यानं पुन्हा बघेन, तोवर नवा परवाना थांबवते, जुन्यावर चालवा.

तो महिना आई रोज परात घेऊन बसली. ढग आले की आकाशाकडे बघून पुटपुटायची. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांना बोटं कुठे होती हेच आठवेना, आधीचा फोटो शोधून बघावा लागला. परवान्याचं पत्र आलं तेव्हा आई वर्ध्याला परत गेली होती. पत्रात एक अट वाढली होती: जे काही लावायचं ते उंबऱ्यापुढे सुटी फळी ठेवून तिच्यावर लावावं.

फोनवर आईनं तेवढंच विचारलं, "उंबऱ्याला हळद लावतेस का?"

"फळीला लावते."

"दारातच ठेवलीय ना ती?"

"दारातच."

"मग झालं," आई म्हणाली.