आवडतो की आवडत होता

बोलताना खरे असलेले वाक्य छापून येईपर्यंत खरे राहते का, हा प्रश्न सॉल्वेग नुडसनने मला पहिल्याच दिवशी विचारला. मिनेसोटातल्या आमच्या गावच्या, दर गुरुवारी निघणाऱ्या साप्ताहिकासाठी बातम्या मी गोळा करीत असे, मजकूर ती तपासत असे. इंग्रजीत 'म्हणाला' लिहिले की सोबतचे क्रियापदही बहुधा भूतकाळात ढकलले जाते. जे अजून खरे आहे ते वर्तमानकाळात ठेवण्याची सवलत व्याकरण देते. सॉल्वेग देत नसे. गावचे तळे खोल आहे, असे एक जण म्हणाला, तर तिने 'खोल होते' केले.

"अगं, तळं अजून तिथंच आहे ना!" मी कुरकुरले.

"तो बोलला तेव्हा होतं. गुरुवारपर्यंतची हमी कोण देणार, तू?"

१९७७ च्या शरदात चर्चच्या जेवणात हार्डवेअरच्या दुकानाचा विधुर मालक ऑर्विल बाकेन लेफ्सा, म्हणजे आमची बटाट्याची पोळी, संपवून माझ्याकडे वळला. "लिहून घे. सॉल्वेगचा सहवास मला आवडतो."

आमच्याकडे याहून मोठ्याने मागणी घालत नाहीत. त्याच्यादेखत मी 'आवडतो' असेच लिहिले. सॉल्वेगने मात्र, स्वतःचे नाव वाचूनही, सवयीने 'आवडत होता' केले.

हा बदल कुणाचा, हे अंक पाहताच ऑर्विलने ओळखले. त्याला तो नकार वाटला आणि तिच्याकडे रोज कॉफीला यायचा, तो येईनासा झाला. टपाल कचेरीत बायका म्हणाल्या, "काय सभ्यपणे वाटेला लावलं बाई!"

"आजारी आहे का गं तो?" सॉल्वेगने अखेर मला विचारले.

"तूच त्याला भूतकाळात टाकलंस, बये!"

ती कानापर्यंत लाल झाली आणि पेन्सिलीसकट दुकानाकडे निघाली. मला खिळे घ्यायचे असल्याचे तेव्हाच आठवले.

"ऑर्विल, ते क्रियापद. आवडतो की आवडत होता?"

"छापलंस तू, विचारतेस मला?"

"नियमानं छापलं. सवलत द्यायची तर खात्री करावी लागते."

"मग कर की!"

"आवडतो?"

ऑर्विलने माझे खिळे पुन्हा एकदा तोलले. "तसा वाईट नाही वाटत."

"वर्तमानकाळ," ती म्हणाली.

"आणि तुझं काय?"

"गुरुवारी वाच."

गुरुवारी दुरुस्ती आली: गेल्या अंकात 'आवडत होता' याऐवजी 'आवडतो' असे वाचावे, हे उभयपक्षी लागू आहे.

१९७८ च्या जूनमध्ये त्यांचे लग्न झाले. साप्ताहिक १९९१ साली बंद पडले. तोवर त्यात दुसरी दुरुस्ती छापली गेली नाही.