माधवरावांचं जर्मनचं ताट

माधवराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. आरशात मागचा लिंब हलत होता, आणि त्याच्या सावलीतून ते सायकल हातात धरून येताहेत असं उगाच वाटत राहिलं... महिना झाला, अजून वाटतं.

मी शिकवायचो त्याच शाळेत ते चित्रकला शिकवायचे, पण सापडायचे लग्नाच्या मांडवामागं. परभणीत कुठं पंगत असली की दुपारी आचाऱ्यापाशी हजर. उरलेलं वरण, भात, बुंदी भगोण्यात भरायची, सायकलच्या कॅरिअरला बांधायची आणि उपाशी माणसांपर्यंत न्यायची. मागून टोपली घेऊन मी, कुरकुरत. दुपारच्या उन्हात वरणाचा वास आमच्याबरोबर चालायचा आणि माधवराव स्वतःशीच गुणगुणायचे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आगी लागल्या, त्यानंतरचा हिवाळा होता. घरं जळालेली काही दलित कुटुंबं एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये येऊन राहिली होती. आम्ही भगोणं घेऊन गेलो. पत्र्यांच्या फटींतून ऊन येत होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. गयाबाई नावाची एक बाई पुढं आली.

"गुरुजी, हे लग्नातलं उरलेलं हाय का?"

"हो. अगदी ताजं आहे."

"मग न्या माघारी. लेकरं भुकेनं रडायलीत, तरी बी न्हाई. आमच्या माणसांनी हे उरलंसुरलं खाणं कवाच सोडलंय."

मला भयंकर राग आला. एवढ्या लांबून आणलं, आणि वर हा तोरा! माधवराव मात्र मान खाली घालून उभे राहिले. म्हणाले, "चुकलंच माझं. मी पण सकाळपासून उपाशी आहे. हेच तुमच्या हातानं वाढाल का मला? तुमच्यातच बसतो."

मग तिनं आपलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट पुसून त्यांच्यापुढं ठेवलं आणि वाढलं. ते जमिनीवर बसले, आणि हळूहळू दोन्ही बाजूंना पंगत भरली. लेकरं तर भातावर तुटून पडली.

"अन् तुमी?" गयाबाईनं मला विचारलं.

"माझी आज चतुर्थी आहे," मी म्हणालो.

चतुर्थी नव्हती. त्यांच्या ताटात जेवायला मी कचरलो, हे आज स्पष्ट लिहितो. माधवरावांना ते कळलं होतं. परतताना एवढंच म्हणाले, "तुमची चतुर्थी लय लांबणार दिसतेय बरं का."

जर्मनचं ते ताट गयाबाईनं त्यांनाच देऊन टाकलं. त्यानंतर माधवरावांनी रीत बदलली. पहिली पंगत बसण्याआधीच ते यजमानाकडून भगोणं भरून घ्यायचे. "शेवटी उरणारच आहे ना? मग आधीच वेगळं काढा," असं हक्कानं सांगायचे. आणि पोचल्यावर ताट मांडून सगळ्यांबरोबर जेवायचे. शेडच्या जागी पुढं वस्ती झाली, आम्ही जात राहिलो... आणि इतकी वर्षं मी टोपली धरून उभाच राहिलो. कधी उपवास, कधी पोट बिघडलेलं. ते मला कधी टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

यंदा नामांतर झाल्याची बातमी त्यांनी अंथरुणावर ऐकली आणि डोळे मिटून हसले. थोड्याच दिवसांत गेले. तेराव्यानंतर वहिनींनी ताट माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "हे तुम्हाला द्या म्हणून सांगून गेलेत."

परवा एका लग्नातून, पहिल्या पंगतीआधी, भगोणं भरून घेतलं. सायकल सारखी एका बाजूला कलत होती. वस्तीत गयाबाई दारातच बसली होती, आता पार थकलीय. माझ्या हातातलं ताट बघून तिचे डोळे भरले. मग डोळे पुसून म्हणाली, "गुरुजी, आज चतुर्थी न्हाई का?"

त्या दिवशी खरोखरच चतुर्थी होती.

मी ताट खाली ठेवलं, मांडी घातली आणि म्हणालो, "वाढा, गयाबाई."