ज्ञानमुद्रेतली अटक

माझ्या बावळटपणाचं काय काय सांगू? पण चहा आहे तोवर हे एवढं ऐकाच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती आणि मी फक्त झोपेच्या शोधात होतो. आमची ही गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता. शाळेतले व्यायामाचे सर म्हणाले, "अहो, ध्यान करा. पद्मासन, ताठ कणा आणि ज्ञानमुद्रा. अंगठा-तर्जनी जुळवायची, काही झालं तरी सोडायची नाही. बोलायचंही नाही!"

खोलीत बसवेना. म्हणून सकाळी काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या फाटकाशी, ओट्यावर बसलो. नेमका त्या दिवशी हरताळ!

डोळे मिटतो न मिटतो तोच शेजारच्या सावंतांचा आवाज, "अरे, मास्तर उपोषणाक बसले!"

मी गप्प. नियम म्हणजे नियम!

"बोटां बघ कशी जुळवल्यानी ती!" सावंत लोकांना समजावू लागले. "अंगठो म्हणजे मुंबई, बोट म्हणजे महाराष्ट्र. सोडूचे नाय!"

झालं! गळ्यात हार, कपाळाला गुलाल, समोर घोषणा. कोणी चहा आणला, तर दुसरा ओरडला, "वेडा का रे तू? उपास मोडशील त्यांचा!" आणि मला चहाची अशी तल्लफ आलेली!

शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला नियम, उठू या. पण पाय कुठे होते? दोन्ही बधिर! मांडी सुटेना. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. जमावबंदी होती ना!

"बोटं सोडा," फौजदार म्हणाले.

"नाही सोडणार!" गर्दी म्हणाली. माझ्या वतीने!

"उठता, की उचलू?"

"उचला हो," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

त्यावर ज्या टाळ्या पडल्या! सावंतांनी तर डोळेच पुसले. "ह्येका म्हणतत छाती!"

विसर्जनाचा गणपती ठेवावा तसं शिपायांनी मला आसनासकट गाडीत ठेवलं.

कोठडी सत्याग्रहींनी खच्चून भरलेली. कोणाच्या तरी खांद्याला टेकलो. घर रिकामं झाल्यापासून इतकी माणसं इतक्या जवळ नव्हती. डोळा कधी लागला, कळलंच नाही.

दुपारी फौजदारांनी गदागदा हलवून उठवलं. "मास्तर, घरी जा."

"आणि हे सगळे?"

"आम्ही इथेच राहतो," ज्याच्या खांद्यावर झोपलो होतो तो तरुण हात जोडून म्हणाला. "पण तुम्ही जाच. घोरता फार हो!"

सरकार आणि सत्याग्रही यांचं त्या दिवशी एका मागणीवर पूर्ण एकमत झालं होतं: मला बाहेर काढा!