पूर्ण थांबलेली गाडी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकनाथराव भालकीकरांना गाडी चालवायची मनाई केली, तेव्हा वाईट वाटलं ते फक्त एकनाथरावांना. त्यांच्या पत्नीनं, पद्मावतीबाईंनी, दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला. वय एकोणसाठ. नारायणगुड्यातल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. वेळ भरपूर होता, आणि गाडी दारात उभीच होती.

शिकवायला आले अंबाजी. निम्मं मराठी बोलायचे, निम्मं दक्खनी हिंदी.

"मॅडम, गियरची फिकर नक्को, तो येईल. तुमचा ब्रेक कच्चा आहे. स्टॉपचा बोर्ड आला की थांबत नाही तुम्ही."

"थांबले की मघाशी!"

"नै थांबलात. हळू झालात."

बाईंना हे पटेना. तेव्हा अंबाजींनी त्यांना गाडीतून उतरवलं, हिमायतनगरच्या गल्लीच्या तोंडाशी उभं केलं आणि पुढच्या चाकावर खडूनं एक जाड रेघ ओढली. मग स्वतः गाडी मागे नेऊन बाईंसारखीच चालवत आणली. गाडी बोर्डापाशी थांबल्यासारखी वाटली, पण खडूची रेघ सावकाश फिरतच होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी ब्रेक पूर्ण दाबला, तेव्हा ती रेघ रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे जागच्या जागी स्थिर झाली.

"आता कळलं," बाई म्हणाल्या. गणिताच्या माणसाला सिद्धता मिळाली होती.

पुढचं त्यांनी वहीत लिहून घेतलं. पट्ट्याअलीकडे चाक पूर्ण थांबवायचं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायचं. भिंतीमुळे रस्ता दिसत नसेल तर हळूच पुढे सरकून पुन्हा थांबायचं. रस्त्यावरून चालणारा माणूस आधी जाईल, मग आपण.

परीक्षेच्या दिवशी मात्र घाई झाली. बोर्ड आला, बाईंनी ब्रेक दाबला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी पुढे गेली. शेजारी बसलेला तरुण इन्स्पेक्टर तेव्हा फॉर्मवर काहीतरी लिहीत होता. मान वर करून त्यानं विचारलं, "थांबलात ना बोर्डापाशी?"

बाई म्हणाल्या, "नाही. सरकत गेली गाडी."

"मॅडम, मी पास लिहिणार होतो."

"मग आता लिहू नका."

त्यानं हसू दाबत नापास लिहिलं.

घरी एकनाथराव खवळले. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस! "अगं, साक्षीदारानं विचारलं तेवढंच सांगावं!"

"त्यांनी तेवढंच विचारलं होतं."

 एकनाथरावांनी चहाचा कप उचलला. बाईंना आत कुठेतरी लाज वाटत होती, पण हलकंही वाटत होतं. आठवडाभरानं त्या पुन्हा परीक्षेला गेल्या आणि इतक्या ठाम थांबल्या, की इन्स्पेक्टरच म्हणाला, "बस्स मॅडम, चला आता."

लायसन्स आलं त्याच रविवारी दोघं आबिड्सला फुटपाथवरची जुनी पुस्तकं बघायला निघाली. गल्लीच्या टोकाला बोर्ड होता, बाई थांबल्या. मागच्या ऑटोनं हॉर्न वाजवला. बाईंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. पुन्हा हॉर्न. मग ऑटोवाला उतरून थेट खिडकीशी आला.

"क्या अम्मा, गाडी बंद हो गई क्या?"

"नै भैया, चालू है. बोर्ड पे लिखा है रुको, तो रुकी."

"अरे अम्मा, वो तो सबके लिए लिखा है!"

"तो मैं भी सबमें आती ना?"

ऑटोवाल्यानं बोर्डाकडे पाहिलं. तो तिथं होता हे त्याला बहुधा आजच कळलं असावं. "हौ, वो भी सही है," म्हणत तो हसत मागे गेला.

एकनाथराव आता वैतागले. "अगं, रस्त्यावर कुणीसुद्धा नाहीये."

"ते थांबल्यावरच दिसलं ना?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला गियर टाकला.

आबिड्सला गाडी लावायला जागा सापडेपर्यंत तीन चकरा झाल्या. शेवटी जागा मिळाली ती इतकी चिंचोळी, की एकनाथरावांना ड्रायव्हरच्या बाजूनं बाहेर पडावं लागलं.