व्हॅक्यूमची नळी

मिलिंद गेल्याचं त्याच्या मुलीने, प्रज्ञाने, फोनवर सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आलाच नाही. आला तो माझाच हात, शर्टाला रबरी नळी पुसणारा... महिना उलटला, तो हात काही हलत नाही.

चिंचपोकळीला आमच्या चाळी समोरासमोर. तो बौद्ध, मी कोकणातला मराठा, शाळेपासूनचे दोस्त. आजी त्याचा चहाचा कप वेगळा ठेवायची म्हणून मी तिच्याशी कडाकडा भांडलो होतो, आणि ते पुढे चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. निवृत्तीनंतर आम्ही दोघांत एक म्हातारी मोटार घेतली. दर रविवारी आवारात तिचं बॉनेट उघडून बसायचो. आमच्या बायका तिला सवत म्हणायच्या.

त्या शेवटच्या रविवारी गाडी फुल रेसला ठीक, पण निवांत चालवली की मरगळायची आणि पेट्रोलही फार प्यायची. मिलिंदने एक चपटी डबी दाखवली. "हा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स रे. गाडी आरामात पळते ना, तेव्हा आतलं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर विरळ. सावकाश जळतं. म्हणून ठिणगी जरा आधी पडायला पायजे. इंजिनची ओढ या नळीतून डबीतला पडदा खेचते, की ठिणगी आधी! फुल रेस दिलीस, ओढ खलास, ठिणगी परत जागेवर." पडदा फाटलाय का, ते बघायची रीत साधी. त्याने नळीचं कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडात धरलं, हवा ओढली, जिभेने बंद केलं. ओढ टिकेना. "गेला वाटतं. तू बघ ओढून," म्हणत त्याने टोक माझ्यापुढे केलं.

मी ते शर्टाला पुसलं.

"पेट्रोलचा वास येतोय," मी म्हणालो. वास नव्हता. तो चिडला नाही. "राहू दे. फाटलाच असेल," म्हणाला आणि त्याने बॉनेट लावलं. इतक्या वर्षांत आमचे कटिंग कायम दोन ग्लासांत आले, त्याचं उष्टं तोंडाला लावायची वेळच कधी आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटली. पुढच्या रविवारी बोलू म्हटलं... त्याआधीच त्याचं हृदय थांबलं. आजीशी भांडलो होतो. आता कोणाशी भांडू?

परवा प्रज्ञा नवी डबी घेऊन आली. बाबांनी सांगून ठेवली होती म्हणाली. आम्ही ती बसवली. तिने नळी तोंडात धरून ओढली, तशी डबीला जोडलेली चकती सरकली आणि सरकलेलीच राहिली. "पकडतंय, काका. तुम्ही पण बघा."

मी हात पुढे केला. तिने आधी ओढणीच्या टोकाने नळी नीट पुसली, मग माझ्या हातात दिली.

"घ्या. पुसलीय."