नावांचा धंदा आणि हातभर धुरा

आमच्या नालवाडीत रिकामा प्लॉट दिसला की त्यावर पाटी असतेच. 'प्लॉट विकणे आहे', खाली मोबाइल नंबर, आणि त्या नंबरातला एखादा आकडा हमखास पावसानं धुऊन गेलेला. सकाळी फिरायला निघालेली माणसं इथं झाडंपाखरं बघत नाहीत, पाट्या वाचतात. कोणता ले-आऊट मंजूर झाला, कोणाचा कोपऱ्याचा प्लॉट गेला, हे सगळ्यांना तोंडपाठ. माझ्या नवऱ्यालाही हे वेड आहे. फक्त त्याचे प्लॉट कुणाला नेऊन दाखवता येत नाहीत, कारण ते इंटरनेटवर आहेत.

तो सावंगीच्या बाजूला एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, आणि उरलेल्या वेळात नावं विकत घेतो. म्हणजे वेबसाइटचा तो पत्ता असतो ना, शेवटी डॉट कॉम लावलेला, तो आधी कुणीतरी नोंदवावा लागतो. जो आधी नोंदवेल त्याचा. उद्या कुणाला त्याच नावानं धंदा काढावासा वाटला की तो ह्याला शोधत येणार, भाव विचारणार, आणि हा खुर्चीत मागे रेलून भाव सांगणार. योजना इतकी साधी आहे की त्यात चूक काढायला जागाच नाही. फक्त कुणी शोधत येत नव्हतं.

नोंदणीचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, नाही भरले तर नाव सुटतं. हे कळल्यावर मी म्हटलं, मग ही मालकी कसली, हा तर किराया झाला. त्यानं मला मालकी आणि किराया यांतला फरक चहा थंड होईपर्यंत समजावला. मी प्राथमिक शाळेत शिकवते, समजावणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, आणि ते ते नव्हतं.

त्याच्याकडे संत्र्याची नावं आहेत, कापसाची आहेत, तर्री-पोह्यांचं एक आहे. गोवऱ्यांवर भाजतात त्या रोडग्यांचं नाव त्यानं तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनं घेतलं, कोण कसं टाइप करेल सांगता येत नाही म्हणून. ज्याला रोडगे खायचे असतात तो चार मित्र आणि वांगी घेऊन वावरात जातो, इंटरनेटवर जात नाही, हे मी त्याला सांगून पाहिलं. एकदा कुठला तरी तालुका जिल्हा होणार अशी आवई उठली, तर ह्यानं त्या जिल्ह्याचं नाव घेऊन ठेवलं. जिल्हा झाला नाही. नाव आहे. दसऱ्याला तो लॅपटॉपची पूजा करतो. एका वर्षी भक्ती जरा जास्त झाली आणि अक्षतेचा दाणा कळांच्या फटीत गेला. त्यातली एक कळ अजून कुरकुरते.

माझं माहेर पुलगावचं. तिकडे लग्न असलं की पंगतीत माझा मोठा भाऊ ठरलेला प्रश्न विचारणार, आणि तोही सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. "काय जवाईबापू, विकलं का एखांदं नाव?" सगळे हसतात. नवराही हसतो. मी तर सगळ्यांच्या आधी हसते. पण त्याच्या पानात बुंदी तशीच राहते, आणि बुंदी हा माणूस कधी सोडत नाही. त्याला फार काही नको होतं. एक नाव विकलं जावं, एकच, म्हणजे हा प्रश्न बंद होईल, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्या नावांमध्ये त्याच्या गावाचंही नाव होतं, हे मला फार उशिरा कळलं. माझं सासर नदीकाठचं. ते गाव धरणात गेलं आणि माणसं पुनर्वसनात आली. नव्या जागी रस्ते सरळ आहेत, घरांना नंबर आहेत, आणि कुणी कुठून आलात विचारलं तर लोक 'पुनर्वसनातून' म्हणतात. जुन्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवरूनही गेलं. इंग्रजीत लिहिलं तर ते नाव चार अक्षरांचं होतं. ह्यानं ते कधीतरी सहज शोधलं, मोकळं दिसलं, घेतलं. आणि बाकीच्या नावांवर लावली होती तशी त्याच्यावरही, म्हणजे ते उघडलं की दिसतं त्या पानावर, पाटी लावली, 'हे नाव विकणे आहे'.

मग एक दिवस खरोखर ईमेल आला. लांबच्या देशातली एक कंपनी, मध्ये एक दलाल, आणि हवं होतं नेमकं तेच नाव. नवऱ्यानं मला समजावलं की चार अक्षरांची नावं आता शिल्लक नाहीत, म्हणून त्यांना भाव आहे. त्या गावात काय होतं, कोण होतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दलालानं लिहिलेला आकडा मी दोनदा वाचला आणि मनातल्या मनात घरावर वरचा मजला चढवून मोकळी झाले. जिन्याखाली धान्याच्या कोठ्या कशा ठेवायच्या तेही ठरवलं. भावाला फोन मीच करणार होते.

नवऱ्याच्या कपाळावरची आठी मात्र दोन दिवस हलली नाही. शेवटी म्हणाला की असं एकदम विकता येणार नाही, आधी धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला विचारावं लागेल.

हे जरा सांगायला हवं. दोन वावरांच्या मधला बांध म्हणजे धुरा. त्याच्या गावात कुणाला जमीन विकायची झाली की आधी धुऱ्याला लागून असलेल्या शेजाऱ्याला विचारायची रीत होती. तो नको म्हणाला तरच बाहेरचा माणूस. पहिला मान त्याचा. रीत चांगली आहे, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण वावर पाण्यात, धुरा पाण्यात, आणि विकायचं काय, तर कॉम्प्युटरमधलं नाव. मी डोक्याला हात लावला. त्यानं दलालालाही तसंच कळवलं, की शेजाऱ्याला विचारून सांगतो. दलालानं विचारलं, शेजाऱ्याचा नावात कायदेशीर हिस्सा आहे का. ह्यानं लिहिलं, नाही, त्याची जमीनसुद्धा पाण्याखाली आहे. त्यानंतर दलालाचं उत्तर यायला बराच वेळ लागला. आलं ते अगदी सभ्य होतं. महिनाअखेरीपर्यंत काय ते सांगा.

आणि हा शेजारी तरी कोण, तर ज्याच्याशी माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म भांडण केलं तो. सासऱ्यांचं म्हणणं, नांगर घालता घालता त्यानं आमचा हातभर धुरा खाल्ला. शेजाऱ्याचं म्हणणं, बोटभरही नाही. मोजणी झाली, पंच बसले, दोन्ही घरांची बोलचाल बंद पडली. धरण झालं, दोन्ही वावरं एकाच पाण्याखाली गेली, तरी भांडण कोरडंच राहिलं. एका उन्हाळ्यात पाणी खूप मागे हटलं, तर सासरे गाळात धुरा शोधायला गेले आणि पायजामा मांडीपर्यंत चिखलानं माखून परत आले. मी तेव्हा नवी सून, हसू आवरायला स्वयंपाकघरात पळाले होते. शेवटच्या आजारपणातही ते खाटेवरून "माहा हातभर धुरा" म्हणत असत. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

रविवारी आम्ही पुनर्वसनात गेलो. तो शेजारी, आता म्हातारा झालेला, ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. नवऱ्यानं वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं, पण लगेच बसायला सांगितलं नाही. मग शेंगांचं सूप जरा बाजूला सरकवलं, तेच बसायला सांगणं.

"काकाजी, गावाचं नाव विकाचं म्हनतो. पह्यला मान तुमचा, म्हनून इचाराले आलो."

म्हाताऱ्यानं विचारलं, कोणत्या गावाचं. आपल्या, हा म्हणाला. ते तर पाण्यात आहे, म्हातारा म्हणाला. गाव पाण्यात आहे, नाव माझ्याकडे आहे, हा म्हणाला. मी पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहत बसले. पुढचा बराच वेळ म्हाताऱ्याची उलटतपासणी चालली. नाव कोणाकडून घेतलंस? नावं नोंदवणाऱ्या परदेशातल्या कंपनीकडून. तिला आपलं गाव कुठे सापडलं? सापडलं नव्हतं, कुणी घेतलेलंच नव्हतं, मोकळं होतं. म्हाताऱ्याच्या हे मात्र चटकन ध्यानात आलं. म्हणजे पडीक होतं, तो म्हणाला, आणि तू धरलंस. नवऱ्याला इतक्या वर्षांत जे मला समजावता आलं नाही ते म्हाताऱ्यानं एका शब्दात आटपलं.

मग त्यानं नाव बघायला मागितलं. नवऱ्यानं फोनवर ते पान उघडलं. म्हाताऱ्यानं फोन हात लांब करून धरला, डोळे बारीक केले, आणि वाचून दाखव म्हणाला. नवऱ्यानं गावाचं नाव वाचलं. खाली काय लिहिलं आहे, म्हाताऱ्यानं विचारलं. खालचं इंग्रजी ह्यानं मराठीत सांगितलं.

"आपल्या गावावर विकने आहे म्हनून पाटी तू लावली?"

नवऱ्यानं मान हलवली. माझ्या तोंडावरचा पदर खाली आला. वर्षानुवर्षं मी त्याच्या नावांना हसले होते, पण ही पाटी अशी कुणी वाचेल असं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हातारा रागावला नाही, तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन सुपाशेजारी ठेवला आणि पुन्हा एक शेंग उचलली. ती सोलून दाणे टाकल्यावर त्यानं विचारलं, पहिला मान माझा आहे ना. नवरा म्हणाला, हो, तुमचाच.

"मंग मीच घेतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता ह्यानं आकडा सांगावा, म्हातारा हात जोडेल, आणि आपण निघू, असं मी डोळ्यांनी त्याला सांगत होते. ह्यानं सांगितला नाही. म्हाताऱ्यानंही विचारला नाही.

"माह्यापाशी पैसे नाईत, तुले मालूम हाये. पन तुह्या बापाचा हातभर धुरा माह्याकडं हाये. तो वापस घे, आन् नाव गावापाशी राहू दे."

पंचांसमोर, मोजणीवाल्यांसमोर, सासऱ्यांच्या मयतीलाही जे तो कबूल झाला नव्हता, ते त्यानं शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं. नवऱ्यानं नुसता हात पुढे केला. म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यानं फोडली आणि अर्धं खांड बयाना, म्हणजे विसार म्हणून त्याच्या तळव्यावर ठेवलं. सौदा झाला. नाव कागदोपत्री तुझ्याकडेच ठेव, म्हातारा वर म्हणाला, मला त्यातलं काही कळत नाही, आणि दरसालचं जे काय असेल ते भरत जा. असा सौदा मी आजवर पाहिलेला नाही. माल विकला, माल ह्याच्याचकडे, आणि दरवर्षीचे पैसेही ह्यानंच भरायचे.

परत येताना मी खरंच संतापले होते. वरचा मजला जिन्यासकट गेला होता. गाडीवर मागे बसून मी म्हटलं, "पान्याखालचा हातभर चिखल घेऊन चाललो आपन घरी."

त्यानं एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "बाबांले सांगाले पाह्यजे होतं."

चिखलानं माखलेला तो पायजामा मीच धुतला होता, ते मला आठवलं आणि रडू आलं. गाडीच्या आरशात त्याला दिसलं असेल, त्यानं गाडी जरा हळू केली.

दलालाला त्यानं कळवलं की नाव विकलं गेलं. दलालानं विचारलं, आमच्यापेक्षा जास्त कुणी दिले. ह्यानं लिहिलं, शेजाऱ्यानं. ती पाटी त्यानं त्याच दिवशी काढली. आता ते पान उघडलं तर तिथं नुसतं गावाचं नाव आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली काही नाही. पुनर्वसनातली माणसं कधीमधी ते फोनवर उघडून एकमेकांना दाखवतात असं ऐकते. बाकीच्या नावांवर पाट्या अजून आहेत. रोडगे हवे असतील तर तिन्ही स्पेलिंगमध्ये मिळतील.

मग पुलगावला लग्न आलं. पंगत बसली, माझ्या भावानं घसा साफ केला आणि ठरलेला प्रश्न विचारला. मी वाढायला होते, हातात बुंदीचं भांडं.

"विकलं," नवरा म्हणाला.

रांगेतले हात थांबले. भावानं विचारलं, मग भाव काय आला. नवऱ्यानं उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताचं बोट कोपरावर टेकवलं.

"हातभर."

सगळे पोट धरून हसले, भाऊ तर ठसका लागेपर्यंत. नवराही हसला. मी त्याच्या पानात बुंदी वाढली, जरा जास्तच. त्यानं सगळी खाल्ली.