आईला मानवलेला स्क्रीन

मोबाइलच्या दुकानात सगळे तिला काचवाली म्हणत. गिऱ्हाईक आलं की ती आधी दुकानाचा झगमगता व्हिडिओ बंद करायची. "ह्यात दगडसुद्धा देखणा दिसतो. तुमच्या घरातला एखादा फोटो दाखवा." मग तोच फोटो दोन फोनांवर उघडून गिऱ्हाइकाला थेट फुटपाथवरच्या उन्हात न्यायची. कुठला स्क्रीन उन्हात मान टाकतो, कुठल्यावर माणसाचं तोंड टोमॅटोसारखं लाल होतं, हे ज्याचं त्यालाच दिसायचं. विक्री बुडाली तरी बेहत्तर, पण खोटा रंग कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, हा तिचा खाक्या.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि छापील अक्षरं तिला दिसेनाशी झाली. छापखान्यात जन्मभर पुस्तकं बांधलेली बाई. वाचन सुटलं तर तिचं अन्नावरचं मनही उडेल, ही काचवालीची धास्ती. म्हणून तिने दुकानातला सर्वांत उत्तम टॅब घरी आणला. ओलेड स्क्रीन, काळा म्हणजे शाईसारखा काळा, आणि अक्षरं हवी तेवढी मोठी.

काही दिवसांतच टॅब उशाशी पालथा पडलेला दिसला. आईच्या कपाळावर ओला रुमाल.

"पुस्तक आवडलं नाही का गं?"

"पुस्तक छान आहे. वाचलं की डोकं ठणकतं. माझ्या वाट्याचं वाचन संपलं म्हणायचं."

"मला सांगायचं नाही?"

"एवढ्या हौसेने आणलास. काय सांगू?"

काचवाली आईच्या जागी जाऊन बसली. उजेड खुपतो म्हणून पडदे ओढलेले, ब्राइटनेस अगदी तळाला. असा, अर्धवट अंधारात, तिने एकही स्क्रीन कधी पारखला नव्हता. तिने आपल्या फोनचा कॅमेरा टॅबवर धरला. त्यात काळे पट्टे सरकत होते. मंद केला की हा स्क्रीन विलक्षण वेगाने उघडमीट करत होता. डोळ्यांना ती दिसत नाही, पण एखाद्याच्या डोक्याला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळे टॅब घेऊन दुकानाच्या माळ्यावर गेली आणि दिवा घालवला.

"काय काचवाली, ऊन सोडून अंधारात दुकान मांडलंस?" सोबतची विक्रेती खालून ओरडली.

"आजवर अर्धंच मांडलं होतं."

एका साध्या एलसीडी टॅबवर पट्टे दिसले नाहीत. तो घेऊन ती उतरली, तशी विक्रेती हसली. "ह्याला तर तू धुतलेली पाटी म्हणायचीस!"

"म्हणायचे. आता घरी घेऊन चालले."

आई वाचत होती. काचवाली समोर बसून तिच्या कपाळाकडे टक लावून होती.

"अशी काय बघतेस? मी काय परीक्षेला बसलेय?" आई म्हणाली. "ह्यातला काळा जरा मळकट आहे हं."

"आहे खरा. डोकं कसं आहे?"

आईने पान उलटलं आणि नजर न उचलता हात वर केला.

"थांब जरा. एवढा भाग होऊ दे."